बांगडी अर्ध्यावर असताना

माझ्याकडे समुपदेशनासाठी येणारी माणसं माघारी माझी एक तक्रार करतात आणि ती फिरून माझ्या कानावर येतेच, कारण शिरूरमध्ये कुठलीही गोष्ट फार दिवस एका घरात राहत नाही. तक्रार अशी, की बाई समुपदेशक म्हणवतात आणि स्वतः तोंडच उघडत नाहीत. एका आजोबांनी तर मला समोरच सांगितलं, "म्याडम, तुमच्यापरीस आमचा डॉक्टर बरा. निदान वरडतो तरी." मला हसू आलं, पण तक्रार खरी आहे. मी कमी बोलते आणि जे बोलते ते अडखळत बोलते. पुण्याला समुपदेशनाचा अभ्यासक्रम करत होते, तेव्हा तिथल्या एका बाईंनी मला काळजीने बाजूला घेतलं. हा सगळा बोलण्याचा व्यवसाय आहे, तुम्हाला झेपेल ना, असं त्यांनी विचारलं. मी उत्तर जुळवेपर्यंत त्यांच्या पुढच्या तासाची वेळ झाली आणि त्या माझ्या खांद्यावर थोपटून निघून गेल्या.

माझी पद्धत म्हणून काही असेल तर ती एवढीच, की समोरचा माणूस शब्दापाशी थांबला तर मी त्याच्या हातात शब्द ठेवत नाही. वाक्य त्याचं, ते त्यानेच पुरं करायचं. रांजणगावच्या कंपनीतला एक मुलगा येत असे, उत्तरेकडचा, मराठी जेमतेम. "मैडम, वो रात को..." इथपर्यंत येऊन तो थांबायचा. झोप येत नाही, हे मी त्याच्या डोळ्यांवरून ओळखलं होतं आणि कुणीही ते वाक्य त्याला आयतं पुरवलं असतं. मी थांबले. बऱ्याच भेटींनंतर वाक्य पुरं झालं ते असं, की रात को घर का फोन आता है और मैं उठाता नहीं. झोपेचा त्यात काही संबंध नव्हता. दुसरी गोष्ट म्हणजे मी आल्या आल्या कुणाला नाव विचारत नाही. ते हळूहळू कळतंच. जगातला सगळ्यात अवघड प्रश्न तोच आहे, हे ज्याची जीभ कधी अडली नाही त्याला पटायचं नाही. हे सगळं मी पुण्याला शिकले असं लोक धरून चालतात. पुण्याला मी त्याची नावं शिकले. ते शिकले आमच्या दुकानात, आणि तेही बरंच उशिरा.

आमचं घर कासाराचं. बाजारपेठेत पुढे बांगड्यांचं दुकान, मागे दोन खोल्या. माझे वडील, ज्यांना आम्ही आण्णा म्हणायचो, सायकलला पेटी बांधून न्हावरा, इनामगाव अशी गावं करायचे आणि दुकान आई चालवायची. मला जाग यायची ती काचेच्या आवाजाने. आई आदल्या दिवशीचा पसारा आवरत बांगड्यांचे तोडे रंगावारी लावत असायची आणि तो आवाज इतका अंगवळणी पडला होता की कुणाच्या घरी मुक्कामाला गेले तर सकाळी चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं. चुलीवर हुलग्याचे शेंगोळे रटरटत असायचे, त्यांचा लसणाचा वास थेट दुकानात यायचा आणि बांगड्या भरायला आलेल्या बायका हमखास विचारायच्या, "आज शेंगुळं व्हय?" मग आई मला हाक मारून वाटी आणायला लावायची. बांगड्या भरायला आलेली बाई आमच्याकडे काही खाऊन गेली नाही असं क्वचितच झालं असेल.

बांगडी भरणं हे काम दिसतं तितकं साधं नाही. काचेची बांगडी मनगटात सैल हवी, म्हणजे ती पंजावरून जाताना घट्टच होणार. अंगठा आत दुमडायचा, करंगळीकडची हाडं हलके दाबायची आणि बांगडी बोटांच्या पेरांवरून सरकवत आणायची. सगळ्यात अवघड जागा अंगठ्याच्या मुळाशी. तिथे बाईने हात आवळला की काच गेली. आमच्यात बांगडी फुटली असं म्हणत नाहीत, वाढली म्हणतात, पण वाढली तरी काचा टोचायच्या त्या टोचतातच. म्हणून आई त्या जागेपाशी आली की थांबायची. "हात सैल सोडा बाई. घाई न्हाई," एवढंच म्हणायची आणि हात हातात घेऊन बसून राहायची. आणि तो हात सैल पडताना बायका काय काय बोलायच्या. नवऱ्याचं, सासूचं, पोटात राहत नाही त्याचं, माहेरच्या वाटणीचं. आई "व्हय, व्हय" करायची. सल्ला कधी दिला नाही. बाई बोलायची थांबली तर आईही थांबायची. सगळं बोलून झालं की बांगडी आपोआप मनगटात गेलेली असायची, बाई आईला वाकून नमस्कार करायची आणि चपला घालून बाजाराला लागायची.

सबंध तालुक्याच्या मनगटांसाठी जिच्याकडे इतका धीर होता, तिच्याकडे माझ्या तोंडातल्या एका शब्दासाठी धीर नव्हता. हे मी रागाने लिहीत नाही, आता तर मुळीच नाही. मी अडखळायला लागले की तिच्या चेहऱ्यावर असं काही यायचं की जणू मी विहिरीच्या काठावर उभी आहे. ती धावून वाक्य पुरं करायची. सगळेच करायचे. मला मीठ हवं असताना मिरची मिळायची आणि पुन्हा सुरुवात करण्यापेक्षा मिरची घेणं सोपं पडायचं. एकदा शिंप्याकडे मी पिवळा म्हणायला गेले, "पि" वर अडले, मावशीने "पिस्ता" म्हणून टाकलं, आणि पुढची कितीतरी वर्षं मी पिस्ता रंगाचा पंजाबी ड्रेस घालून कॉलेजला जात होते. वेखंड उगाळून जिभेला लावून झालं, शंख फुंकून झाला. शेवटी घरात असं ठरून गेलं, की प्रमिलाची जीभ जड आहे तर तिच्या वतीने आपण बोलायचं. आई बोलायची, मावशी बोलायची आणि धाकटी वंदना तर आमच्या दोघींच्या वाटणीचं एकटीच बोलायची.

माझी दोन स्थळं या जिभेपायी परत गेली होती. म्हणून दौंडचं स्थळ आलं तेव्हा सगळी सूत्रं मावशीने हातात घेतली. मावशी, आईची थोरली बहीण, एका गल्लीआड राहायची पण जेवायला आमच्याकडे असायची. मुलगा दत्तात्रय, रांजणगावला नव्यानेच उभ्या राहिलेल्या एका कंपनीत लागलेला, तिथेच मित्रांबरोबर खोली घेऊन राहणारा. वडील रेल्वेतून निवृत्त झालेले, घर दौंडला. बघायला आले तेव्हा त्याच्या आईने नेहमीचाच प्रश्न विचारला, "नाव काय पोरी तुजं?" माझं तोंड उघडायच्या आत मावशी म्हणाली, "प्रमिला. लई लाजरी हाय बघा." शिक्षण, स्वयंपाक, भरतकाम, सगळी उत्तरं मावशीनेच दिली. मी पोह्यांच्या बश्या उचलल्या. त्या लोकांना लाजरी मुलगी आवडली आणि सुपारी फुटली. मावशीला आता एकाच गोष्टीचा घोर होता, तो म्हणजे उखाणा. दत्तात्रय हे नाव माझ्याने एका दमात निघायचं नाही हे तिने म्हणवून पाहिलं होतं. तिने गंभीरपणे तोडगा काढला. "लग्नात पोरीचं नाव बदलत्यात का न्हाई? मंग पोराचं बदलाय काय झालं? यशवंत ठिवा म्हणावं." आण्णा जेवता जेवता ठसकले. त्या दिवशी आम्ही सगळे हसलो, मीही.

मग फोन सुरू झाले. आमच्याकडे फोन नव्हता, शेजारच्या मेडिकलमध्ये होता. एका संध्याकाळी मेडिकलवाले काका दारात येऊन म्हणाले, "प्रमिला, फोन हाय. पाव्हण्यांचा." मी गेले, रिसीव्हर कानाला लावला. पलीकडून "हॅलो" आलं. मला नुसतं "बोला" म्हणायचं होतं. ते "ब" ओठांवर घट्ट बसलं आणि हलेना. पलीकडे "हॅलो, हॅलो, आवाज येतोय का?" असं झालं, नाणं पडलं आणि फोन बंद झाला. पुढच्या वेळी काकांनी हाक मारली तेव्हा मावशीने वंदनाला पुढे ढकललं. "जा. तुजा आन् तिचा आवाज सारखाच." वंदना अशी उड्या मारत गेली की जणू फोन तिचाच होता. बाहेरच्या फळीवर उभी राहून मी ऐकत होते. "हां, प्रमिलाच बोलतेय," असं ती म्हणाली आणि नंतर अशी काही बोलत सुटली की काकांनी दुकान बंद करायला शटर अर्धं ओढलं.

हे चांगलं महिनाभर चाललं. वंदना येऊन मला माझ्या बातम्या सांगायची. मला भेळ फार आवडते. मला गाणी ऐकायला आवडतात. मला फिरायची हौस आहे, वढूला कॉलेजची सहल गेली तेव्हा बसमध्ये मी सगळ्यांना हसवलं. "त्याला तू लई आवडायला लागलीस," ती म्हणाली आणि खरंच आनंदाने म्हणाली, मनात काही काळंबेरं नव्हतं. माझ्या अंगाचा मात्र तिळपापड झाला. परत गेलेल्या दोन स्थळांचं मला इतकं वाईट वाटलं नव्हतं. ती लोकं निदान मला नको म्हणून गेली होती. इथे मला होकार मिळाला होता आणि त्यात मी कुठेच नव्हते. मी आईला सांगितलं, बऱ्याच वेळाने सांगून झालं, की त्यांना खरं काय ते कळलं पाहिजे. मावशी तिथेच होती. ती म्हणाली, "लग्न हू दे. एकदा लग्न झालं की कोण कुणाचं ऐकतंय?" आईने बांगड्यांचा तोडा पुन्हा मोजायला घेतला. तिला तिसरं स्थळ परत जाताना पाहायचं नव्हतं, हे मला दिसत होतं. तिच्या भीतीची मला कीव येत होती आणि रागही येत होता.

लग्नाला थोडे दिवस उरले असताना एका दुपारी दत्तात्रयच्या आई अचानक दुकानात आल्या. बस्त्याच्या कामासाठी शिरूरला आल्या होत्या, येता येता विहिणीकडून बांगड्या भरून घ्याव्यात म्हणून आल्या. वंदना कॉलेजला, मावशी तिच्या घरी, आण्णा गावांवर. दुकानात आई आणि मी. मी पाणी दिलं, आत स्टोव्हवर चहा ठेवला आणि बाहेर येऊन बसले. आईने त्यांचा उजवा हात हातात घेतला. हात मोठा, कामाचा, हाडं रुंद. "लई कडक हात हाय तुमचा," आई म्हणाली. "रेल्वे कॉटरमधी जनम गेला, हंड्यानं पाणी वाहून वाहून झालाय," त्या म्हणाल्या. हिरवी बांगडी पेरांवरून पुढे आली आणि अंगठ्याच्या मुळाशी जाऊन टेकली. तेवढ्यात त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या, "काय गं, फोनवर दत्ताशी लई बोलतीस म्हणं. माज्याशी बी बोल की काय तरी."

आई माझ्याकडे बघत होती. तिच्या तोंडात वाक्य तयार होतं, मला ते दिसत होतं, लाजरी हाय म्हणून असं काहीतरी. मी तिच्या आधी तोंड उघडलं. "फोनवर" एवढं निघालं आणि पुढच्या "मी" वर जीभ रुतली. माझी मान ताणली गेली, डोळे मिटले गेले, जे मला कुणाला दिसू द्यायचं नसायचं ते सगळं झालं. डोळे उघडले तर आईचे ओठ हलत होते. मग ते मिटले. तिने मान खाली घातली आणि नजर त्या बांगडीवर ठेवली. बाहेर रस्त्यावरून सिनेमाची जाहिरात करणारी रिक्षा कर्ण्यावर ओरडत आली, दुकानासमोरून गेली, तिचा आवाज नदीकडे जाऊन विरला, आणि मी अजून त्याच वाक्यात होते. आत चहा उतू गेल्याचा वास आला. कुणी उठलं नाही. दौंडच्या बाईंना उठताही येत नव्हतं, कारण बांगडी अर्ध्यावर असताना हात हलवायचा नसतो. "फोनवर मी नव्हते," माझं शेवटी म्हणून झालं. "मला बोलताना अडतं. लहानपणापासून. हे असंच राहणार आहे." एवढं बोलायला मला जन्मात लागला नव्हता इतका वेळ लागला आणि एकाही शब्दाला कुणी हात लावला नाही. माझं संपलं आणि आईने अंगठ्याने जरासं दाबून बांगडी मनगटात सोडली.

दौंडच्या बाईंनी मनगटातली बांगडी एकदा फिरवून पाहिली. मग म्हणाल्या, "मंग फोनवर कोण बोलत व्हतं?"

"व... वंदना."

"तरीच," त्या म्हणाल्या. "दत्ता म्हणत व्हता, पोरगी समोर गप आन् फोनवर रेडिओ." त्या हसल्या नाहीत. रागावल्या का, तेही कळेना. आईने उरलेल्या बांगड्या एकही न वाढवता भरल्या. दोन्ही हात भरून झाल्यावर बाईंनी रीतीप्रमाणे तिला नमस्कार केला. पिशवी उचलून उंबऱ्यापाशी गेल्या आणि तिथे थांबून आईला म्हणाल्या, "मी बी कासाराचीच लेक हाय विहीणबाई. ती बांगडी कवाच गेली असती. तुमी धरून ठिवली व्हती."

"तिचं बोलून व्हायचं व्हतं," आई म्हणाली.

"व्हय. म्हणून तर मी बी गप बसले," त्या म्हणाल्या. "घरी सांगावं लागंल मला. मग बघू." आणि एसटी स्टँडच्या दिशेने गेल्या.

मावशीला कळलं तेव्हा तिने आम्हा दोघींशी अबोला धरला, जो तिला स्वतःलाच फार जड गेला. घरात लग्नाचा विषय निघेनासा झाला. दौंडच्या निरोपाची वाट बघण्यातले ते दिवस वाईट जायला हवे होते, पण खरं सांगायचं तर मला त्या दिवसांत एक विलक्षण सुख होतं. मी बोलायला लागले की आई हातातलं काम ठेवायची आणि ओठ दाबून बसायची. तिला ते किती अवघड जात होतं ते तिच्या मानेच्या शिरांवरून दिसायचं. मध्येच तिच्या तोंडून एखादा शब्द निसटायचा, मग "ऱ्हायलं, ऱ्हायलं, तू बोल," असं म्हणून ती पुन्हा गप्प व्हायची. त्या आठवड्यात मला जेवताना जे हवं तेच ताटात पडलं. आजही माझ्यासमोर कुणी हुंदका गिळून शब्द शोधत बसतं आणि मला वाटतं की आता आपण मदत करावी, तेव्हा मी माझे ओठ तसेच दाबते. ते सोपं होत नाही. इतकी वर्षं झाली, अजून होत नाही.

रविवारी सकाळी दत्तात्रय मित्राची मोटारसायकल घेऊन एकटेच आले. आण्णांशी चार शब्द बोलले, पीकपाण्याचे, कंपनीतल्या शिफ्टचे. मग आण्णा उठून आत गेले आणि आईनेही त्यांच्यामागून जाताना मधला पडदा ओढला. दत्तात्रय बांगड्या भरणाऱ्या बायका बसतात त्या गादीवर अवघडून बसले होते. मी चहा दिला. ते कपाकडे बघत म्हणाले, "आई म्हणली, उखाण्याला वेळ लागला तर लागू दे. मांडवात कुणाला गाडी पकडायची नसती."

म्हणजे लग्न होतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते मी पुसलं नाही. पडद्यामागे कुणीतरी मोठा श्वास सोडला, बहुधा वंदनाने. दत्तात्रयच्या मनात अजून दुसरंच काहीतरी खुपत होतं.

"मग फोनवर जे सांगितलं," ते म्हणाले, "भेळ आवडते म्हणून. ते पण तुमच्या बहिणीचंच?"

मान हलवून भागलं असतं. मी ती हलवली नाही. "हो," मी म्हणाले. "म... मला भेळ नाही आवडत."

"आणि गाणी?"

"फारशी नाही."

"म्हंजी मला सगळं पहिल्यापासनं विचारावं लागणार," ते म्हणाले. जरा खट्टू झाले होते, ते त्यांनी लपवलं नाही. त्यांनी कप खाली ठेवला आणि प्रथमच सरळ माझ्याकडे पाहिलं. "मग तुम्हाला काय आवडतं?"

मला पुष्कळ सांगायचं होतं. मी तोंड उघडलं आणि पहिल्याच अक्षरावर अडले. पडद्यामागे वंदनाची चुळबुळ ऐकू आली आणि आईने तिला दाबलेलंही ऐकू आलं. दत्तात्रयनी काही सुचवलं नाही, घड्याळाकडे पाहिलं नाही. ते हात मांडीवर ठेवून, मी काय म्हणते ते ऐकायला बसून राहिले.